पाच टक्क्यांचा हिशेब

२८ ऑक्टोबर २००८ च्या रात्री लंडनमध्ये बर्फ पडला. ऑक्टोबर महिन्यात तिथे असा बर्फ १९३४ नंतर पडला नव्हता. त्याच रात्री ब्रिटनच्या संसदेत, हाऊस ऑफ कॉमन्समध्ये, तापमानवाढीविरुद्धच्या कायद्यावर मतदान होत होतं. या योगायोगावर व्हायचे तेवढे विनोद झाले. विधेयक मात्र आरामात मंजूर झालं. विरोधात मत देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. महिन्याभरात 'क्लायमेट चेंज अ‍ॅक्ट' अस्तित्वात आला आणि हरितगृह वायूंच्या कपातीचं दूरचं उद्दिष्ट स्वतःवर कायद्यानं बंधनकारक करून घेणारा ब्रिटन हा पहिला देश ठरला.

उद्दिष्टं त्याआधीही होतीच. १९९७ च्या निवडणुकीत लेबर पक्षानं जाहीरनाम्यात लिहिलं होतं : २०१० पर्यंत कार्बन डायऑक्साइड १९९० च्या तुलनेत २० टक्क्यांनी कमी करू. २००१ मध्ये तेच, २००५ मध्येही तेच. तिन्ही निवडणुका पक्षानं जिंकल्या. २००६ मध्ये सरकारनंच कबूल केलं, की हे काही जमणार नाही. पुढे काय झालं? काहीच नाही. जाहीरनामा पाळला नाही म्हणून कोणाला जाब विचारायची सोयच नव्हती.

'फ्रेंड्स ऑफ द अर्थ' या संस्थेनं २००५ मध्ये 'द बिग आस्क' नावाची मोहीम सुरू केली, ती याच दुखण्यावर. रेडिओहेड बँडचा थॉम यॉर्क तिचा चेहरा होता. नवं वचन त्यांना नकोच होतं. दिलेलं वचन मोडता येणार नाही, असा कायदा त्यांना हवा होता.

कायद्यात २०५० पर्यंत ८० टक्के कपात असं उद्दिष्ट होतं. २०१९ मध्ये ते 'नेट झीरो' झालं. पण २०५० ला आजचा कोणता मंत्री खुर्चीत असणार? म्हणून मधला रस्ता पाच-पाच वर्षांच्या तुकड्यांत वाटला. प्रत्येक तुकड्याचं एक 'कार्बन बजेट'. मोबाइलच्या डेटा पॅकसारखंच : एखाद्या दिवशी जास्त वापरलं तर चालेल, पण एकूण कोटा ठरलेला. पहिलं बजेट (२००८-१२) सुमारे ३०२ कोटी टनांचं होतं. सहावं (२०३३-३७) आहे ९६.५ कोटी टनांचं. प्रत्येक बजेट सुरू होण्याच्या १२ वर्षं आधी ठरवावं लागतं, म्हणजे वीजकेंद्र बांधणाऱ्याला पुढचं चित्र आधीच दिसतं.

कायद्याचा खरा जीव मात्र 'क्लायमेट चेंज कमिटी' या छोट्या स्वतंत्र समितीत आहे. तिनं दर वर्षी ३० जूनपर्यंत संसदेला प्रगतीचा अहवाल द्यायचा आणि सरकारनं १५ ऑक्टोबरपर्यंत त्याला उत्तर द्यायचं. तारखासुद्धा कायद्यातच लिहिलेल्या. समितीला दंड करता येत नाही, मंत्र्याला घरी पाठवता येत नाही. ती फक्त मोजते आणि सांगते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना यातलं शहाणपण पटकन कळतं : ज्यानं कोड लिहिला, त्याच्याच 'टेस्टिंग झालं' या शब्दावर रिलीज करायचा नसतो. २०१२ ते २०२३ समितीचे अध्यक्ष होते लॉर्ड डेबेन, म्हणजे पूर्वीचे कॉन्झर्व्हेटिव्ह मंत्री जॉन गमर. या सगळ्या काळात सत्तेत त्यांचाच पक्ष होता, आणि त्याच्यावर जाहीर टीका करायला ते कचरले नाहीत.

आता मोजणी कशी होते? प्रत्येक धुराड्यावर मीटर लावून नाही. किती कोळसा, गॅस, पेट्रोल जळलं, किती गाई पाळल्या, किती कचरा पुरला, हे आकडे घ्यायचे आणि ठरलेल्या गुणकांनी गुणायचे. पद्धत सुधारली की जुन्या वर्षांचे आकडेही बदलतात. शिवाय हा आकडा नेहमी मागचं सांगतो. पहिलं बजेट ब्रिटननं पाळलं, पण २००८ च्या मंदीनं कारखाने थंडावले होते. समितीनं तेव्हाच बजावलं, की ही घट म्हणजे धोरणाचं यश नव्हे. म्हणून नुसत्या उत्सर्जनावर न थांबता समिती पुढच्या खुणाही तपासते : हीट पंप किती बसले, विजेच्या गाड्या किती विकल्या, झाडं किती लावली, आणि जाहीर योजनांमागे पैसा व नियम आहेत का. २०२४ च्या अहवालात तिनं सांगितलं, की २०३० च्या उद्दिष्टासाठी लागणाऱ्या कपातीपैकी फक्त एक तृतीयांश भागामागे विश्वासार्ह योजना आहेत.

या मोजणीला दात आहेत का, हे २०२२ मध्ये कळलं. आदल्या वर्षी, ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या तोंडावर, सरकारनं 'नेट झीरो स्ट्रॅटेजी' थाटात प्रसिद्ध केली होती. तीन संस्था कोर्टात गेल्या. त्यांतली एक तीच, फ्रेंड्स ऑफ द अर्थ. खटल्यात बाहेर आलं, की सरकारच्या स्वतःच्या आकडेमोडीत सगळ्या योजनांची बेरीज सहाव्या बजेटसाठी लागणाऱ्या कपातीच्या ९५ टक्क्यांपर्यंतच जात होती. उरलेले पाच टक्के कुठून तरी येतील असं धरलं होतं, आणि ही गोष्ट संसदेला सांगितलेलीच नव्हती. कोणती योजना किती कपात करणार, याचा हिशेब सही करणाऱ्या मंत्र्यासमोरही ठेवला नव्हता. १८ जुलै २०२२ ला न्यायमूर्ती होलगेट यांनी ही स्ट्रॅटेजी बेकायदेशीर ठरवली. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमध्ये पारा इतिहासात पहिल्यांदाच ४० अंशांच्या वर गेला.

सरकारनं २०२३ मध्ये नवा आराखडा आणला. मे २०२४ मध्ये तोही कोर्टात पडला. सगळ्या योजना शंभर टक्के यशस्वी होतील असं मंत्र्यानं गृहीत धरलं होतं, आणि त्या फसण्याची जोखीम किती, हे त्याला नीट सांगितलंच नव्हतं.

अर्थात, ही वही सगळंच पाहू शकत नाही. ३० सप्टेंबर २०२४ हा दिवस घ्या. त्या दिवशी रॅटक्लिफचं वीजकेंद्र बंद झालं आणि १८८२ पासून कोळशावर वीज करणाऱ्या ब्रिटनमध्ये कोळशाची वीज संपली. २०१२ मध्येही तिथली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती, हे लक्षात घेतलं तर हे मोठंच यश. त्याच दिवशी वेल्समधल्या पोर्ट टॅलबटला टाटा स्टीलची शेवटची ब्लास्ट फर्नेसही विझली. तिच्या जागी भंगार वितळवणारी विजेची भट्टी येणार आहे. पण २,८०० पर्यंत नोकऱ्या जातील, असं कंपनीनं आधीच सांगितलं होतं. आणि दहाच दिवस आधी, २० सप्टेंबरला, याच कंपनीनं ओडिशातल्या कलिंगनगरला भारतातली सर्वांत मोठी ब्लास्ट फर्नेस पेटवली होती. एकीच्या बदल्यात दुसरी, असं हे नाही. भारताची पोलादाची भूक वेगळी आहे. पण मुंबईत मुख्यालय असलेल्या एकाच कंपनीची एक भट्टी एका देशाच्या वहीतून खोडली गेली आणि दुसरी दुसऱ्या देशाच्या वहीत चढली. ब्रिटन उद्या बाहेरून पोलाद घेईल, तेव्हा त्याचा धूर ब्रिटनच्या बजेटमध्ये मोजला जाणार नाही. समिती आयात मालाचं उत्सर्जन वेगळं दाखवते, पण कायद्याचं बंधन देशाच्या हद्दीपुरतंच आहे.

१९९० पासून ब्रिटनचं उत्सर्जन निम्म्याहून कमी झालं. आतापर्यंतची बरीचशी घट वीजकेंद्रांतून आली. बटण दाबणाऱ्याला फरक जाणवला नाही. यापुढची कपात लोकांच्या घरातल्या गॅस बॉयलरमधून, दारातल्या गाडीतून, शेतातून यायची आहे. २००८ मधलं एकमत नेमकं आत्ता विरलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह नेत्या केमी बेडनॉक यांनी जाहीर केलं, की सत्तेत आलो तर हा कायदाच रद्द करू. तसं झालं तरी पवनचक्क्या फिरत राहतील, जाहीरनाम्यांत आकडेही छापले जातील. फक्त दर जूनमध्ये संसदेसमोर हिशेब ठेवण्याची सक्ती उरणार नाही, आणि पुढच्या वेळी पाच टक्के कमी पडले, तर ते शोधायला कोर्टात कोणत्या कायद्याचं बोट धरून जायचं, हा प्रश्न असेल.