नुसरत : एका सुरुंगनौकेचे चरित्र

युद्धेतिहास वाचताना आपली दृष्टी बहुधा मोठ्या जहाजांवर आणि नामवंत सेनापतींवर खिळते. आज ज्या नौकेचे चरित्र मी आपणांपुढे मांडणार आहे, ती जेमतेम ४० मीटर लांबीची होती. तुर्की आरमारासाठी जर्मनीतील कील येथे बांधलेली ही नौका १९११ मध्ये पाण्यात उतरली आणि १९१३ मध्ये सेवेत रुजू झाली. तिचे नाव ‘नुसरत’, म्हणजे साहाय्य. समुद्रात सुरुंग पेरणे हे तिचे नेमून दिलेले काम.

१९१५ च्या फेब्रुवारीपासून ब्रिटिश व फ्रेंच आरमार दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीतून इस्तंबूल गाठण्याच्या खटपटीत होते. सामुद्रधुनीत तुर्कांनी सुरुंगांच्या आडव्या रांगा आधीच पेरल्या होत्या. तथापि किनाऱ्यावरील निरीक्षकांनी एक बारीकशी गोष्ट हेरली : तोफांचा मारा करून परतणारी जहाजे आशियाई किनाऱ्यालगतच्या एरेनकॉय उपसागरात वळण घेत. ८ मार्चच्या पहाटे कप्तान हक्की यांच्या हुकमतीखाली नुसरतने नेमक्या त्याच जागी २६ सुरुंग पेरले. तेही प्रवाहाला आडवे नव्हे, तर किनाऱ्याला समांतर.

दहा दिवसांनी, १८ मार्च रोजी, मोठा हल्ला झाला. वळण घेताना ‘बूव्हे’ ही फ्रेंच युद्धनौका काही मिनिटांतच सहाशेहून अधिक माणसांसह तळाशी गेली. ‘इन्फ्लेक्सिबल’ जायबंदी झाली. ‘इरेझिस्टिबल’ व ‘ओशन’ बुडाल्या. एकट्या नुसरतने सामुद्रधुनी राखली असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. किनाऱ्यावरील तोफांनी सुरुंग काढणाऱ्या बोटींना निर्वेधपणे काम करू दिले नाही, म्हणून सुरुंग टिकले. पण केवळ आरमाराच्या बळावर मार्ग मोकळा करण्याचा बेत त्या दिवशी कोलमडला आणि २५ एप्रिलपासून गॅलिपोलीच्या भूमीवर दीर्घ रक्तपात सुरू झाला.

या चरित्राचा उत्तरार्ध मला अधिक अस्वस्थ करतो. आरमारातून निवृत्त झाल्यावर नुसरत विकली गेली, तिचे मालवाहू जहाज झाले. १९८२ मध्ये चनाक्काले येथील संग्रहालयासाठी तिची हुबेहूब प्रतिकृती उभारण्यात आली. त्या प्रतिकृतीपुढे लोक नतमस्तक होत होते, तेव्हा मूळ नौका माल वाहत होती! १९८९ मध्ये ती मेर्सिनजवळ बुडाली. दहा वर्षे पाण्याखाली काढल्यावर १९९९ मध्ये तिला वर काढण्यात आले आणि पुढे तार्सूस येथे डागडुजी करून तिचे जतन झाले.

स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने एवढेच सुचवावेसे वाटते. गौरव करणे सोपे असते. जतन करणे कष्टाचे. आपल्या शाळेची जुनी हजेरीपत्रके, हस्तलिखित अंक आणि निवृत्त शिक्षकांच्या आठवणी अजून हाताशी आहेत. त्या बुडाल्यावर प्रतिकृती उभारण्यापेक्षा, आजच त्यांची विचारपूस करावी.