आठ आणे, एक कुत्रं

शेल्टरमधून कुत्री आणली, हे मागच्या भागात सांगितलं होतं. आज अकरावा दिवस. बाईसाहेब अजून पलंगाखालीच. मी खोलीबाहेर गेल्याशिवाय वाटीला तोंड लावत नाही. आणि झाडू हातात घेतला, की अंग चोरून भिंतीला चिकटते. तिला कोणी मारलं होतं का, हे शेल्टरवाल्यांनाही माहीत नाही.

म्हणून आज १८३२ची मुंबई. भटकी कुत्री मारायचा सरकारी हुकूम होता, एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. मग काय! बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरांत शिरून पाळलेली कुत्रीही मारायला लागले. पारश्यांमध्ये कुत्र्याला धर्मात मान. अंत्यविधीत मृतदेहाला कुत्र्याची नजर लागते. ६ जूनला फोर्टात दंगल पेटली. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, आणि गोऱ्या पलटणीचा पाव-मटणाचा पुरवठाही अडवला. कुत्र्यांसाठी हरताळ, विचार करा!

पुढे १८३४मध्ये जमशेदजी जीजीभॉय आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मिळून पांजरापोळ काढली. भुलेश्वरला ती आजही आहे, आता मुख्यतः गाईंची. तिथे जीव वाचायचा, हे खूप मोठं होतं. पण घर मिळायचं नाही, जनावर तिथेच म्हातारं व्हायचं.

माझ्याकडे घर आहे, पण तिला ते अजून पटलेलं नाही. ओढून बाहेर काढू नका, असं शेल्टरच्या ताईंनी बजावलंय. म्हणून मी रोज जमिनीवर बसून स्क्रिप्ट मोठ्याने वाचते. आत्ता तिचं नाक पलंगाबाहेर आलंय. मी वळून बघत नाहीये.