वसईचे संत गोन्सालो आणि नागासाकीचे तीन मुलगे



महोत्सवप्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करणें हें आपलें कर्तव्यच आहे. देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं अर्पण केली, हें मुलाबाळांना कळावें म्हणून लिहून ठेवावें. परंतु ज्या धर्मग्रामास वाडवडिलांचीं नांवें पाठ आहेत, पण उद्यां धर्मशिक्षण कोण देईल व प्रार्थना कोण चालवील याचें उत्तर ठाऊक नाहीं, त्याचा महोत्सव अपुराच म्हणावा लागेल. म्हणून देव तरुणांना केव्हां व कशासाठीं पाचारण करितो, हा प्रश्न आम्ही आज आपणांपुढें ठेवितों, आणि त्याचें उत्तर इतिहासांत शोधतों.

हा इतिहास आपल्याच कोंकणकिनाऱ्यावरून सुरू होतो. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म इ. स. १५५७ च्या सुमारास वसई येथें झाला. वसई त्या वेळीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई तेथलीच. येशूसंघाच्या धर्मगुरूंजवळ त्यांचें शिक्षण झालें, आणि सुमारें पंधराव्या वर्षीं ते त्यांपैकीं एका फादरांबरोबर जपानास गेले. तेथील भाषा त्यांनीं उत्तम प्रकारें आत्मसात केली, व सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. ज्या वयांत मुलाला एकट्यानें परगांवीं पाठवितांना आईबाप दहादां विचार करितात, त्या वयांत वसईचा हा मुलगा समुद्रापलीकडे निघाला होता.

यापुढील भाग तरुणांनीं लक्षपूर्वक वाचावा. येशूसंघांत प्रवेश मिळावा अशी गोन्सालोंची उत्कट इच्छा होती. ती पूर्ण झाली नाहीं. ते व्यापारांत शिरले, व तेथें त्यांस यशही आलें. परंतु एक दार उघडलें नाहीं म्हणून देवाचें पाचारण संपत नाहीं. फिलिपाईन्स बेटांतील मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून दाखल झाले. धर्मगुरूपद त्यांस अखेरपर्यंत मिळालें नाहीं. इ. स. १५९३ मध्यें फादर पेद्रो बाप्तिस्ता मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून गेले, तेव्हां त्यांचे दुभाषी गोन्सालो होते. या हिदेयोशीनें १५८७ मध्येंच परदेशी धर्मोपदेशकांना देश सोडण्याचा हुकूम काढिला होता. अशा दरबारांत धर्मगुरूंचा शब्द पोंचविण्याचें अवघड काम या बंधूंवर पडलें. पुढें फ्रान्सिस्कनांनीं क्योतो येथें देऊळ उभारिलें व महारोग्यांसाठीं रुग्णालयें चालविलीं.

इ. स. १५९६ च्या आक्टोबर महिन्यांत सान फेलिपे हें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलें. त्यांतून निघालेल्या वादांत स्पेनच्या राजाच्या हेतूविषयीं हिदेयोशीचा संशय बळावला, आणि डिसेंबरांत अटकसत्र सुरू झालें. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यांत आली, आणि ऐन हिवाळ्यांत सुमारें महिनाभराच्या वाटेनें त्यांस नागासाकीस नेण्यांत आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनीं भोंसकण्यांत आलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व १७ जपानी प्रापंचिक ख्रिस्ती होते.

या १७ जणांत तीन मुलगे होते. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, आंतोनियो तेरा वर्षांचा, आणि तोमास कोझाकी पंधराच्या आंतबाहेरचा. तिघेही फ्रान्सिस्कनांचे सेवेकरी. धर्म सोडलास तर जीव वांचेल, असें लुईसला अधिकाऱ्यानें सांगून पाहिलें. त्यानें तें नाकारिलें. आंतोनियोचे आईबाप नागासाकींत रडत त्याला आडवे आले. त्यानें उलट त्यांचीच समजूत घातली, आणि बालकांना प्रभूच्या स्तुतीस बोलाविणारें स्तोत्र क्रुसावरून गाइलें. तोमासचे वडील मिगेल हेही त्याच वाटेचे सोबती होते. वाटेंत तोमासनें आईला पत्र लिहिलें. त्यांत आईचें सांत्वन आहे, आणि धाकट्या भावांची काळजी आहे. मरणाच्या वाटेवरील मुलानें घरच्यांची चिंता वाहावी, याहून मोठें पुढारीपण तें कोणतें?

त्याचें फळ पाहा. इ. स. १६१४ मध्यें जपानांत ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली, आणि पुढें त्या देशांत एकही धर्मगुरू उरला नाहीं. तरी प्रापंचिकांनींच धर्म जिवंत ठेविला. कोणी सणांचे दिवस मोजी, कोणी बाळांना स्नानसंस्कार देई, कोणी प्रार्थना पढवी. आणि प्रत्येकानें आपलें काम पुढील पिढीच्या हातीं दिलें. नवव्या पायस पोपमहाशयांनीं ८ जून १८६२ रोजीं या २६ रक्तसाक्षींना संतपद दिलें. त्यांच्याच नांवानें नागासाकीस ओउरा येथें देऊळ बांधण्यांत आलें. १७ मार्च १८६५ रोजीं उराकामी गांवचे कांहीं लोक त्या देवळांत आले, आणि आमचें व आपलें अंतःकरण एकच आहे, असें त्यांनीं फादर पेतिजाँ यांस हळूच सांगितलें. दोनशें वर्षांहून अधिक काळ धर्मगुरूंवांचून टिकलेली ती श्रद्धा होती.

बंधुभगिनींनो, त्या लोकांनीं आपल्या मुलांना काम दिलें, म्हणून त्यांची श्रद्धा टिकली. आपण काय करितों? मूल मिस्सेला सेवेकरी म्हणून उभें राहिलें कीं आपणांस कौतुक वाटतें. पण तोच मुलगा अठरा वर्षांचा होऊन कांहीं विचारूं लागला कीं, अजून तूं लहान आहेस, असें आपण म्हणतों. मुलीनें धर्मशिक्षणाचा वर्ग घेईन म्हटलें तर आधीं परीक्षा होऊं दे, मग नोकरी लागूं दे, असें आपण सांगतों. आणि तो दिवस कधीं उजाडत नाहीं. आईबापांनो, मुलें देवाचीं आहेत. त्यांस अडवूं नका. तरुणांनो, पदाची वाट पाहूं नका. गोन्सालोंना पद नव्हतें. त्यांस एक परकी भाषा येत होती, आणि ती त्यांनीं देवाला दिली. तुम्हांस जें येतें तें या वर्षींच द्या.

संत गोन्सालो व नागासाकीचे सर्व रक्तसाक्षी आपल्या मुलांमुलींसाठीं देवाजवळ विनंती करोत, हीच आमची प्रार्थना.