मैदानाचे दोन ऋतू : चुनी गोस्वामी यांची क्रीडाकारकीर्द

एकाच व्यक्तीने दोन खेळांत श्रेष्ठत्व संपादन केले, की त्याचे श्रेय सामान्यतः तिच्या उपजत प्रतिभेला देण्यात येते. सुबिमल ऊर्फ चुनी गोस्वामी (१९३८–२०२०) यांच्या कारकीर्दीकडे पाहता हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. प्रतिभेइतकाच त्या काळच्या कलकत्त्यातील क्रीडाव्यवस्थेचा विचार येथे आवश्यक आहे.

अविभक्त बंगालमधील किशोरगंज येथे जन्मलेले गोस्वामी बालवयातच मोहन बागान क्लबच्या कनिष्ठ संघात दाखल झाले आणि १९५४ पासून १९६८ पर्यंत त्याच्याच प्रमुख संघातून खेळले. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ते भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार होते. प्राथमिक फेरीत दक्षिण कोरियाकडून पराभूत झालेल्या या संघाने, प्रतिकूल प्रेक्षकांसमोर, अंतिम सामन्यात त्याच प्रतिस्पर्ध्यास २–१ असे नमवून सुवर्णपदक मिळविले. १९६४ च्या आशिया चषकात भारताला उपविजेतेपद लाभले. त्याच वर्षी, वयाची सत्तावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, गोस्वामी आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाले.

क्रिकेटमधील त्यांची मोठी कामगिरी यानंतरची होय. डिसेंबर १९६६ मध्ये इंदूर येथे मध्य व पूर्व विभागांच्या संयुक्त संघाने वेस्ट इंडीजचा एक डाव व ४४ धावांनी पराभव केला, तेव्हा मध्यमगती गोलंदाज गोस्वामी यांनी आठ बळी घेतले. रणजी करंडकाच्या १९६८–६९ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्यांनी ९६ व ८४ धावा केल्या. तरी पहिल्या डावातील आघाडीवर विजय मुंबईला मिळाला. १९७१–७२ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली अंतिम फेरी गाठलेल्या बंगालला मुंबईनेच पुन्हा हरविले. ४६ प्रथम दर्जाच्या सामन्यांत १५९२ धावा व ४७ बळी ही त्यांच्या नावावरील नोंद आहे.

अशी कारकीर्द शक्य झाली, ती मुख्यतः ऋतुविभागणीमुळे. कलकत्त्याचा फुटबॉल उन्हाळा व पावसाळ्यात रंगे, तर क्रिकेट हिवाळ्यात. मोहन बागानसारखे क्लब दोन्ही खेळांचे संघ बाळगीत. शिवाय खेळ हा अद्याप पूर्णवेळ व्यवसाय झालेला नव्हता. त्यामुळे एका खेळाशी केलेला करार दुसऱ्याचा मार्ग अडवीत नसे. पुढे वेळापत्रके वर्षभर पसरली, व्यावसायिकता आली आणि खेळाडूला लवकरच एका खेळाची निवड करणे भाग पडू लागले.

या परिवर्तनाने खेळाचे तंत्र निःसंशय उंचावले. तथापि, एकाच खेळाडूला दोन ऋतूंत दोन खेळांतून घडविणारी व्यवस्था त्याबरोबरच लोपली. सुवर्णपदकाच्या स्मृतीत गोस्वामी यांचे क्रिकेट झाकोळले जाते, ते याच कारणाने: आजचा वाचक त्यांच्या कारकीर्दीचे मोजमाप एकाच खेळाच्या मापाने करतो. त्यांचे चरित्र मात्र दोन्ही ऋतू एकत्र पाहिल्याखेरीज पूर्ण होत नाही.