हिरवळीचे खळगे व उंचवटे

पावसाळा सरला म्हणजे आपल्या खेड्यांतील अंगणांची जी अवस्था होते ती सर्वांच्या परिचयाची आहे. पागोळ्यांनीं ओळीनें खळगे पाडलेले असतात, गुरांच्या खुरांनीं तुडविलेला चिखल उंचवटे होऊन वाळलेला असतो, आणि जेथें पाणी सांचलें तेथें शेवाळ धरलेलें असतें. अशा वेळीं घरधनी सगळें अंगण खणून काढीत नाहीं. तो उंचवटे तासतो, खळग्यांत मुरूम व माती घालतो, पाणी शिंपडून चोपण्यानें चोपतो, आणि घरांतील स्त्रिया वरून शेणाचें सारवण घालतात. सुगीच्या तोंडीं खळें करतांनाहि रीत हीच. परंतु ही गोष्ट उघड्या मातीची झाली. जी जमीन जिवंत गवतानें झांकलेली आहे, ती गवत न मारतां आणि पुन्हा पहिल्यापासून पेरणी न करतां सपाट कशी करावी, हा प्रश्न निराळा व अधिक नाजूक आहे. त्याचा इतिहास बहुतांशीं इंग्लंड-स्कॉटलंडांत घडला. परंतु त्याचीं दोन प्रकरणें मुंबई-पुण्याच्या मैदानांवरहि घडलीं आहेत. विषय वरवर क्षुल्लक दिसला तरी त्यांत विचार करण्याजोगें पुष्कळ आहे, असें आम्हांस वाटतें.

अठराव्या शतकांतील इंग्रज सरदारांनीं आपल्या वाड्यांभोंवतींचे आंखीव बगीचे मोडून गवताचे विस्तीर्ण पट्टे दारापर्यंत आणले. लान्सलॉट ब्राउन (१७१६–८३) हा या कलेचा मोठा आचार्य. जागेच्या अंगचे गुण पाहून तो काम करी, म्हणून ‘केपेबिलिटी’ हें टोपणनांव त्याला कायमचें चिकटलें. या हिरवळी मेंढरें चारून अथवा लांब दांड्याच्या विळ्यानें कापून राखीत. विळा चालवावयाचा तो भल्या पहांटे, पातीवर दंव असतांना. कारण ओलें गवत धारेखालीं नीट सांपडतें. असें कापलेलें गवत थोडें लांबच राही व जमिनीचे लहानसहान दोष त्याखालीं झांकून जात.

१८३० सालीं ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउड येथील एडविन बडिंग या कारागिरानें गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्या भागांत लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या, आणि कापडावर उभी राहिलेली लव फिरत्या पात्यांनीं भादरून काढण्याचें यंत्र त्यांत चाले. तीच युक्ति बडिंगनें जमिनीवर उतरविली. या यंत्रानें हिरवळ सरदाराच्या मालकींतून निघून मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या परसांत आली. परंतु त्याबरोबर एक नवी अडचणहि आली. विळा धरणारा माणूस उंचसखल पाहून हात वरखालीं करी. यंत्राला तो विवेक नाहीं. उंचवट्यावरून तें गेलें कीं गवत मुळासकट खरडून टक्कल पडावें, आणि खळग्यावरून गेलें कीं तेथील गवत तसेंच उभें राहावें. म्हणजे जमिनीचे उंचवटे यंत्रानें निर्माण केले नाहींत. पूर्वीं जे गवतानें झांकले होते ते त्यानें उघडे केले.

यावर लोकांनीं जो पहिला उपाय योजिला तो रूळ फिरविण्याचा. जड वस्तु फिरवली कीं वर आलेलें खालीं बसेल, हा तर्क सोपा म्हणूनच मोहक आहे. परंतु रूळ उंचवट्याची माती उचलून खळग्यांत नेत नाहीं. तो दोघांनाहि दाबतो. थंडीनें फुगून वर आलेली माती, किंवा ओल्या जमिनीवर उमटलेलीं पावलें, हलक्या रुळानें बसतात हें खरें. त्यापलीकडे वजन वाढवीत गेल्यास मातीच्या कणांमधील पोकळी नाहींशी होते, तींत खेळणारी हवा व मुरणारें पाणी यांना वाट राहत नाहीं, आणि मुळें उथळ राहून गवत खंगतें. चिकण मातीची जमीन ओली असतांना दाबली तर ती विटेसारखी घट्ट होते. क्रिकेटच्या खेळपट्टीला हीच घट्टता हवी असते, म्हणून तेथें जड रूळ शोभतो. परंतु बावीस यार्डांच्या पट्टीचा धर्म साऱ्या हिरवळीला लावणें हा अविवेक होय.

त्या पट्टीचाहि इतिहास रक्तावांचून घडलेला नाहीं. टॉमस लॉर्ड यानें १७८७ सालीं लंडनांत क्रिकेटचें मैदान उघडलें. पुढें दोनदां जागा बदलावी लागली तेव्हां या गृहस्थानें आपली हिरवळच सोलून बरोबर नेली, आणि १८१४ पासून ती सेंट जॉन्स वुड येथें, आजच्या जागीं, स्थिरावली. हिरवळ जुनी असली तरी तिची निगा यथातथाच होती. सामन्यापूर्वीं मेंढरें सोडून गवत आंखूड करीत. खेळपट्टींत खडे असत. जून १८७० मध्यें तेथें नॉटिंगहॅमशायरचा तरुण फलंदाज जॉर्ज समर्स याच्या डोक्यावर उसळलेला चेंडू बसला आणि चार दिवसांनीं तो मरण पावला. त्यानंतरच्या काळांत खेळपट्टीच्या मशागतीकडे लोक गंभीरपणें पाहूं लागले. एक इंचाचा खडा किंवा उंचवटा हा शोभेचा प्रश्न नसून जिवाचा असूं शकतो, हें त्या मृत्यूनें शिकविलें.

परंतु याच मैदानाची दुसरी शिकवण अधिक सूक्ष्म आहे. लॉर्ड्सचें मैदान सपाट नाहीं. त्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सुमारें आठ फुटांचा उतार आहे. २००२ सालीं सीमेपर्यंतची चिकण माती काढून तेथें वाळूमिश्रित माती घातली, तेव्हांहि तो उतार राखण्यांत आला. उतार दोष नाहीं. गोलंदाज व फलंदाज दोघेहि तो जाणून खेळतात, आणि पाणी त्यावरून वाहून जातें. दोष आहे तो अकस्मात् येणाऱ्या खळग्याचा. समतल असणें आणि एकसारखें असणें या दोन गोष्टी एक नव्हत. बगीच्याच्या मालकानें डोंगरउताराची हिरवळ पाण्याच्या पातळीस आणण्याचा हट्ट धरूं नये; पायाला अडखळणारें काढलें म्हणजे पुरे.

तें काढण्याची खरी कला स्कॉटलंडांतील गोल्फच्या मैदानांवर परिणतीस पोंचली. टॉम मॉरिस (१८२१–१९०८), ज्याला लोक म्हातारा टॉम म्हणत, हा प्रथम प्रेस्टविक येथें व पुढें आपल्या जन्मगांवीं सेंट अँड्रूज येथें मैदानाचा रखवालदार होता. हिरवळीवर वाळू पसरली असतां गवत मरत नाहीं, उलट अधिक जोमानें वर येतें, हें त्यानें ओळखलें. वाळूची गाडी चुकून एकदां गवतावर उलटली आणि त्यांतून हा शोध लागला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, पद्धत मात्र टिकली. चाळलेली माती व वाळू यांचें मिश्रण गवत वाढीला लागलेलें असतांना खळग्यावर अर्धा इंचाहून जाड नाहीं इतकें पसरावें, दंताळ्याच्या पाठीनें किंवा सरळ फळीनें ओढून पातींच्या मुळांशीं बसवावें, आणि पातींचे शेंडे वर दिसत ठेवावे. गवत त्या थरांतून वर येतें व त्यांतच नवीं मुळें धरतें. तें वर आल्यावर पुन्हा एक थर द्यावा. खळगा दोन इंचांचा असेल तर चारपांच वेळां हें करावें लागेल. एकाच वेळीं सगळा भरून टाकण्याची घाई केली तर गवत गुदमरून मरतें.

ही युक्ति मनुष्यानें शोधली असें म्हणणेंहि फारसें बरोबर नाहीं. चार्ल्स डार्विन यानें १८८१ सालीं गांडुळांवर जें पुस्तक लिहिलें, त्यांत हिरवळीचा हा मूळ माळी कोण याचा उलगडा आहे. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरीं दरसाल दहा टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या पोटांतून जाऊन वर येते, असें त्यानें अनुमान बांधलें. आपल्या घराजवळील एका शेतांत त्यानें डिसेंबर १८४२ मध्यें खडूचे तुकडे पसरविले होते. एकोणतीस वर्षांनीं, नोव्हेंबर १८७१ मध्यें, तेथें चर खणला तेव्हां त्या तुकड्यांची पांढरी रेघ जमिनीखालीं सात इंचांवर लागली. जवळच दुसरें एक शेत होतें. १८४१ मध्यें तें शेवटचें नांगरलें, तेव्हां तें गारगोट्यांनीं इतकें भरलेलें होतें कीं त्याचीं मुलें त्याला खडकाळ शेत म्हणत. उतारावरून तीं धांवूं लागलीं कीं पायांखालीं दगड खडखडत. हे दगड झांकलेले पाहण्यास आपण जगूं कीं नाहीं, याची डार्विनला शंका होती. तीस वर्षांनीं त्याच शेतांतील दाट गवतावरून घोडा या टोंकापासून त्या टोंकापर्यंत भरधांव गेला तरी नाल एकाहि दगडाला लागेना.

या पद्धतीला मर्यादा आहेत. खळगा खोल असेल तर हिरवळीला चीर देऊन गवताचा थर गोधडीसारखा उलटावा, खालीं माती भरावी किंवा काढावी, आणि तोच थर पुन्हा पसरून पाणी द्यावें. आणि खालीं जुन्या झाडाचें खोड कुजत असेल किंवा पाण्याचा नळ गळत असेल, तर वरून कितीहि माती घातली तरी खळगा दरसाल परत येणार. तेथें कारणापर्यंत खणल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आतां आपल्या मैदानांकडे वळूं. मुंबईच्या किल्ल्याबाहेरील मैदानावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पारशी व हिंदु तरुणांचे पुष्कळ क्लब क्रिकेट खेळत. युरोपियन जिमखान्याची स्वतःची राखीव जागा होती; परंतु त्याचे सभासद पोलो खेळावयाचे ते एतद्देशीयांच्या मैदानावर. घोड्यांच्या टापांनीं ओली जमीन खोल रुतावी आणि उन्हानें ते खळगे दगडासारखे वाळावे, हा क्रम सुरू झाला. अशा जमिनीवर चेंडू कोठें उसळेल याचा नेम नाहीं. १८८१ सालीं शेंकडों खेळाडूंनीं सह्या करून सरकारकडे अर्ज केला, आणि पुढें कित्येक वर्षें अर्ज व उत्तरें चाललीं. शापूरजी सोराबजी यांनीं १८९७ सालीं पारशांच्या क्रिकेटचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यांत या झगड्याची हकीकत आहे. खळगा बुजविण्याची विद्या कोणास ठाऊक नव्हती असें नाहीं. प्रश्न होता तो खळगा पाडण्याचा हक्क कोणाचा व तो सोसण्याचें कर्तव्य कोणाचें, हा. शतक संपण्यापूर्वीं पारशी, मुसलमान व हिंदु जिमखान्यांना समुद्रकांठीं आपापल्या जागा मिळाल्या.

दुसरें प्रकरण पुण्याचें. पळवणकर बाळू हा चांभार जातीचा मुलगा प्रथम एका पारशी क्लबांत व पुढें १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या पूना क्लबांत कामास लागला. पगार महिना तीन-चार रुपये. काम खेळपट्टी झाडण्याचें, तिजवर रूळ फिरविण्याचें, जाळ्या उभारण्याचें. साहेबांना सराव देतां देतां तो डावखुरा गोलंदाज म्हणून असा तयार झाला कीं पुण्याच्या हिंदु संघाला त्याला घ्यावेंच लागलें. मैदानावर इतर खेळाडू त्याच्याच हातचा चेंडू हातीं घेत; चहाच्या वेळीं मात्र त्याला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांत चहा मिळे. १८९६ पासून तो मुंबईस हिंदु संघाकडून खेळूं लागला. १९११ च्या विलायतेच्या दौऱ्यांत त्यानें शंभराहून अधिक बळी घेतले. तरीहि संघाचें नायकत्व त्याला कधीं लाभलें नाहीं. १९२० सालीं त्याच्या भावांनीं याविरुद्ध उघड निषेध केला, तेव्हां उपनायकपण त्याच्या पदरीं आलें. आणि १९२३ सालीं त्याचा भाऊ विठ्ठल नायक झाला.

ज्यानें इतरांसाठीं जमीन एकसारखी केली त्याला स्वतःला मंडपाची एक पायरी चढावयास इतकीं वर्षें लागलीं. आमच्यांतील सावध सुधारक या हकीकतीकडे बोट दाखवून म्हणतात कीं पाहा, थरावर थर देत गेल्यानें खळगा भरतोच. १८९६ पासून १९२३ पर्यंत सत्तावीस वर्षें लागलीं, पण खणाखणी करावी लागली नाहीं. हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. परंतु ते थर आपोआप पडले नव्हते. एकएक मूठ माती बाळूनें व त्याच्या भावांनीं आपल्या कर्तृत्वानें आणि शेवटीं निषेधानें टाकली होती. आणि खालीं कुजणाऱ्या खोडाची परीक्षा त्यानें होत नाहीं. डार्विनचा घोडा तीस वर्षांनीं त्या शेतावरून निर्वेध धांवला हें खरें. पण गारगोट्या नाहींशा झाल्या नव्हत्या, त्या फक्त खालीं गेल्या होत्या. जो कोणी तेथें पुन्हा नांगर घालील त्याच्या फाळाला त्या लागतीलच. हिरवळीचें काम सुरुवात नव्यानें न करतां होतें, परंतु खालीं काय आहे याची नोंद ठेवल्यावांचून तें पुरें होत नाहीं.