ट्रॉयची गाडी

मुलाकडे अमेरिकेत राहायला गेलेल्या निवृत्त बापाने तीन गोष्टी करू नयेत, असं आमच्या सौभाग्यवतींचं ठाम मत आहे. एक, डॉलरला रुपयांनी गुणू नये. दोन, सुनेच्या स्वयंपाकघरात लुडबूड करू नये. आणि तीन, शनिवारी सकाळी एकट्याने फिरायला जाऊ नये. गेल्या उन्हाळ्यात मी हे तिन्ही नियम एका शनिवारपायी मोडले. त्याची ही हकिकत.

शनिवारी एकट्याने का जायचं नाही? तर त्या दिवशी अमेरिकन माणूस आपल्या गॅरेजचं दार वर करतो आणि घरातली अडगळ अंगणात मांडून विकायला बसतो. आपण माळ्यावर टाकतो आणि विसरतो. तो टेबलावर मांडतो आणि वर किमतीची चिठ्ठी लावतो. अशाच एका टेबलावर, फुटका दिवा आणि एकपायी बाहुली यांच्या मध्ये, मला ती दिसली. साडेआठ इंच लांबीची प्लॅस्टिकची मोटार. किंमत दोन डॉलर. मी मनात गुणाकार केला, दचकलो आणि घेतली.

"अहो, हे काय उचलून आणलंत?" दारातच स्वागत झालं.

प्रश्न रास्त होता. गाडीला मूळचा निळा रंग होता, त्यावर कुणीतरी ब्रशाने लाल रंग फासला होता. काचेवर डिंकाचे ढग जमले होते. पुढचं चाक उत्तरेला आणि मागचं ईशान्येला चाललं होतं. मागची चाकं झाकणाऱ्या शोभिवंत पट्ट्या, बाजूला शर्यतीच्या गाडीचा आकडा आणि मागच्या बंपरवर जादा चाकाचा डबा, असा एकूण थाट होता. मुंजीत बटूला बाशिंग बांधावं आणि हातात क्रिकेटची बॅट द्यावी, तसं ते ध्यान दिसत होतं. मी ती का घेतली, ते मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं. पुढे सांगतो.

माझा मुलगा राहतो ते गाव डेट्रॉइटच्या उत्तरेला आहे. नाव ट्रॉय. होय, तोच ट्रॉय, ज्याच्यात लाकडी घोडा शिरला. फक्त नाव उसनं. मोटारींच्या कारखान्यांमुळे या बाजूला मराठी इंजिनिअर बरेच. शेजारी मात्र एक अस्सल अमेरिकन आजोबा राहतात. जन्मभर त्यांनी पोलादी साचे कोरण्याचं काम केलं. मी गाडी त्यांना दाखवली. त्यांनी ती उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि पोटावरची तीन अक्षरं वाचून लहान मुलासारखे हसले. "ही एकसष्टची फोर्ड गॅलक्सी," ते म्हणाले, "आणि हिचं माहेर याच गावात!"

मग पुढचे चार दिवस कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे उभं राहून मी जो इतिहास ऐकला, आणि नातवाकडून पडताळून घेतला, तो असा.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत मोटारींना तुफान गिऱ्हाईक होतं. विक्रेत्यांना गिऱ्हाइकाच्या हातात, आणि त्याहून जास्त त्याच्या मुलाच्या हातात, देण्यासाठी काहीतरी हवं होतं. १९४८ साली वेस्ट गॅलोग्ली नावाच्या वकिलाने फोर्डच्या विक्रेत्यांसाठी हुबेहूब छोट्या गाड्या करायला घेतल्या. पहिली गाडी अ‍ॅल्युमिनियमची, म्हणून कंपनीचं नाव 'अ‍ॅल्युमिनियम मॉडेल टॉइज', थोडक्यात एएमटी. पुढे लवकरच अ‍ॅल्युमिनियम गेलं, प्लॅस्टिक आलं; पण नावातला 'ए' तसाच राहिला. आपल्याकडे वतनं गेली तरी कुलकर्णी आडनाव राहिलं, त्यातलाच प्रकार.

या गाड्या खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्शाच्या. फोर्डच्या दुकानात जे रंग मिळायचे त्याच रंगांत त्या यायच्या. बाप खरी गाडी बघायला यायचा, मुलगा छोटी घेऊन जायचा आणि घरी तिच्याकडे बघत बसायचा. मग बाप महिन्याभराने पुन्हा यायचा. विक्रीकलेचा हा मंत्र डेट्रॉइटला कळला होता. तो इतका कळला होता, की नव्या मोटारीची गुप्त रेखाचित्रं बाजारात यायच्या कितीतरी महिने आधी या खेळणीवाल्यांच्या टेबलावर पोहोचत.

सुरुवातीच्या त्या गाड्यांमध्ये एक खोड होती. त्यांचं प्लॅस्टिक अ‍ॅसिटेटचं असे आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू वाकडं होई. आज कपाटातून अशी गाडी काढली तर ती मधे खचलेली निघते, अगदी आमच्यासारखी. पुढे पॉलिस्टायरीन आलं. ते वाकत नाही. मात्र त्याचे दुसरे रोग आहेत. ते येतीलच.

मग १९५८ साली एएमटीने तयार गाडीऐवजी सुटे भाग खोक्यात घालून विकायला काढले. किंमत दीड डॉलरच्या आसपास. फांदीला कैऱ्या लटकाव्यात तसे भाग प्लॅस्टिकच्या काडीला लटकलेले. तोडायचे आणि जोडायचे. युक्ती अशी, की एकाच खोक्यात तीन गाड्यांचं सामान. दुकानातल्यासारखी साधी करा, सजवलेली करा किंवा शर्यतीची करा. कोणतीही एक. पण दहा वर्षांच्या मुलाला 'कोणतीही एक' ही कल्पना मुळातच मान्य नसते. माझ्या गाडीच्या अंगावर पट्ट्या, आकडा आणि डबा एकदम का आले, याचा उलगडा मला इथे झाला. त्या कुण्या मुलाने दीड डॉलरमध्ये तिन्ही गाड्या वसूल केल्या होत्या. गुणाकार त्यालाही येत होता.

"पण एवढी वाईट जोडलेली गाडी दुरुस्त कोण करतो?" मी विचारलं.

त्यावर आजोबांनी जे सांगितलं ते मला फार लागलं. डेट्रॉइटची गाडी दरवर्षी नवा चेहरा घेऊन येई. छोटी गाडीही तशीच हवी. पण पोलादी साचा भारी महाग. मग काय करायचे, तर जुनाच साचा तासून, भरून, त्याचा पुढच्या वर्षीचा साचा करायचे. एकसष्टचा बासष्ट झाला, की एकसष्ट कायमचा गेला. पुन्हा तशी गाडी काढू म्हटलं तर साचाच नाही. अशा कितीतरी गाड्यांच्या बाबतीत आज उरलंय ते एवढंच : कुणीतरी न उघडता ठेवलेली थोडी महाग खोकी, आणि पोरांनी डिंक फासून जोडलेल्या या बाकीच्या. शौकीन लोक यांना 'ग्लू-बॉम्ब' म्हणतात. डिंकाचा बाँब! काही गाड्यांचे नवे साचे आता कोणी कोणी पुन्हा करतात; पण सगळ्यांचे कोण करणार?

कंपनीचंही पुढे त्या साच्यासारखंच झालं. १९७८ साली ती इंग्लंडच्या लेस्नीने घेतली. आगपेटीत मावणाऱ्या मॅचबॉक्स गाड्या काढणारी तीच. पाठोपाठ लेस्नीच बुडाली आणि एएमटी आयोवातल्या अर्टलकडे गेली. नाव आजही खोक्यांवर आहे, मालक मात्र पुन्हा बदलले. 'ए' अजून तसाच.

एवढं ऐकल्यावर गाडी टाकून देणं शक्य नव्हतं. मी आणि बारा वर्षांचा नातू कामाला लागलो. आणि दुसरा नियम मोडायची वेळ आली, कारण या शास्त्राची सगळी औषधं सुनेच्या स्वयंपाकघरात निघाली.

पहिली पायरी, गाडी सोडवणे. तिला पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचं. थंडीने जुना डिंक ठिसूळ होतो आणि सांधे कट्‌कन सुटतात. सकाळी खवलेल्या नारळाचा डबा काढायला गेलेल्या सौ.च्या हाताला मोटार लागली. पुढचा संवाद देत नाही.

दुसरी पायरी, रंग उतरवणे. ओव्हन साफ करायचा फवारा मारून पिशवीत बांधून ठेवायचं. हातमोजे घालायचे, खिडकी उघडायची. लाल रंग मऊ पडून निघाला. बंपरवरचा खराब चंदेरी मुलामा कपडे धुण्याच्या ब्लीचने तासाभरात गेला. सुनेने त्या आठवड्यात फवारा आणि ब्लीच दोनदा आणलं आणि एका शब्दाने बोलली नाही. सौ. मात्र सुनेच्या वाटचंही बोलली.

तिसरी, चाकं. इथे पॉलिस्टायरीनचा रोग दिसला. टायर मऊ विनाइलचे असतात; त्यांच्यातलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येऊन ज्या प्लॅस्टिकला टेकेल ते विरघळवतं. साठ वर्षांत टायर चाकांच्या कडांत रुतून बसले होते. सहवासाने माणसं एकमेकांना खातात तसंच हे. पण हे उदाहरण मी घरात दिलं नाही.

चौथी, लांबी भरणे. गॅरेजवाले खऱ्या मोटारीच्या पोच्यांना लावतात ती लांबी, फक्त दात कोरायच्या काडीने. मग पाण्यात बुडवून वॉटर-पेपर घासायचा. नंतर रंग. आणि शेवटी खिडक्यांच्या चंदेरी कडांना अ‍ॅल्युमिनियमचा पातळ चिकट वर्ख. काजूकतलीवरचा वर्ख लावताना जेवढा श्वास रोखतो, तेवढाच इथे रोखावा लागतो.

तर घासता घासता मी टपावर आलो, आणि थांबलो. टपाच्या मधोमध एक अंगठा उमटला होता. लहान अंगठा. रेषान्‌रेषा स्पष्ट.

इथे त्या डिंकाबद्दल सांगायला हवं. आपला डिंक दोन वस्तूंच्या मधे बसतो. हा तसा नाही; हा प्लॅस्टिकलाच विरघळवतो, दोन्ही कडा एकमेकींत वितळतात आणि सुकल्यावर एक होतात. तो हुंगायचं व्यसन मुलांना लागू लागलं तेव्हा १९६९ साली टेस्टर्स या कंपनीने आपल्या डिंकात मोहरीचं झोंबरं तेल घातलं, म्हणजे हुंगणाऱ्याला नाकात फोडणी! पण मुद्दा असा, की अशा डिंकाने भरलेला अंगठा प्लॅस्टिकवर टेकला, की तो रंगावर नव्हे, अंगावर उमटतो. रंग उतरवा, तो राहतोच. घासून खड्डा केला तरच जातो.

आणि आता मी गाडी का घेतली ते. १९७९ साली आम्ही पुण्यात दोन खोल्यांत राहत होतो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने परदेशाहून येताना माझ्या मुलासाठी असंच एक खोकं आणलं. मुलगा नऊ वर्षांचा. मी बजावलं, "महिनाभर पुरवून, माझ्यासमोर कर." आम्ही एका लग्नाला गेलो आणि परत येईपर्यंत गाडी तयार! वर्तमानपत्रावर ठेवल्यामुळे टपावर बातम्या उलट्या उमटलेल्या, काचा धुरकट, चाकं वाकडी. तो दारात उभा, हातात गाडी, तोंडभर हसू. मी म्हणालो, "एक काम धड करता येत नाही तुला." त्यानंतर त्याने पुन्हा असलं खोकं कधी मागितलं नाही. १९८४ मध्ये घर बदलताना ती गाडी मी रद्दीवाल्याला दिली आणि त्याला सांगितलं, सामानात हरवली. आज तो इथे मोटारींच्या दरवाजांची बिजागरं आखतो. केसभर फरक त्याला चालत नाही.

मी वॉटर-पेपर हातात धरून बसलो होतो. मुलगा ऑफिसातून आला, मागे उभा राहिला. बराच वेळ टप बघत होता.

"बाबा, एवढं राहू द्या."

"अरे, रंगाखालून दिसेल ते."

"दिसू दे."

मग मी चाळीस वर्षं जुनी गोष्ट सांगून टाकली, रद्दीवाल्याची. म्हटलं, हरवली नव्हती रे.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी गॅलरीतून बघत होतो. त्याने ती वजनात धरली नाही."

आणि हसला. मला हसायला जरा वेळ लागला.

अंगठा राहिला. वरून निळा रंग दिला, उन्हात तिरकं धरलं की दिसतो. ज्याचा तो आहे तो आज सत्तरीच्या पुढचा आजोबा असेल, कुठे असेल कोण जाणे. त्याला कुणी काय बोललं होतं, तेही कळायला मार्ग नाही. वर्ख लावायचं काम मी नातवावर सोपवलं. त्याने डावी खिडकी छान केली आणि उजवीकडचा वर्ख वाकडा बसवला. माझ्या जिभेवर एक वाक्य आलं. शेहेचाळीस वर्षं जुनं, पाठ असलेलं. मी पाणी प्यायलो.

गाडी आता मुलाच्या दिवाणखान्यात आहे. निघायच्या आदल्या रात्री सौ.ने हिशेब मांडला : गाडी दोन डॉलर, रंग, लांबी, वर्ख, दोन फवारे, दोन ब्लीच. "बेचाळीस डॉलर झाले तुमच्या त्या खेळण्याचे. रुपये किती होतात ठाऊक आहे?"

पहिला नियम तिचाच होता. मी गुणाकार केला नाही.