भिंगाचा मध्य आणि कडा

शाळेच्या फोटोत मधले गुरुजी रेखीव आणि कडेची पोरं पुसट, असं का होतं? १८४० साली व्हिएन्नाचे गणिताचे प्राध्यापक पेट्झवाल यांनी व्यक्तिचित्रांसाठी भरपूर प्रकाश घेणारं भिंग आखलं. त्याची प्रतिमा बशीसारखी बाकदार पडे, फोटोची पाटी मात्र सपाट. म्हणून कडा धूसर. एका चेहऱ्याला ते चाले, मोठ्या इमारतीला नाही. पुढं १९०० साली जर्मनीत निघालेल्या 'हायपरगॉन' भिंगानं सुमारे १३५ अंशांचा देखावा टिपला. पण त्याचं छिद्र फार बारीक, त्यामुळं वेळ जास्त लागे. तेव्हा रुंद भिंग घेताना नुसता मध्य पाहू नका. छिद्र लहान करून कडाही तपासा. तिथंही कुणाचं तरी मूल उभं असतं.